आबांची म्हणत ती वही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याचं माप मी वाकून बघतो. रिक्षावाला "जवळच्या रस्त्यानं नेतो" म्हणाला की मी पाय खाली ठेवतो. बायको म्हणते, "तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगून बघता." खोटं नाही. धुळ्याच्या एका कॉलेजात मी संगणकाची लॅब सांभाळतो. पोरं पेनड्राइव्ह नाचवत येतात, "सर, फक्त एक प्रिंट" म्हणतात आणि पंधरा मशीन आजारी पाडून जातात. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो असं म्हटलं तरी चालेल. अशा माझ्यासारख्याला माझ्याहून संशयी माणूस भेटला, आणि त्यानं मला पार उघडं पाडलं.

आमच्या लॅबमध्ये विंडोजच्या जागी लिनक्स चालतं. ते फुकट मिळतं आणि आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं, म्हणून माझा त्याच्यावर जरा तरी विश्वास. जगभरातली हौशी माणसं मंडळं करून ते बांधतात. प्रत्येक मंडळाची एक कोठी असते, तीत हजारो प्रोग्राम तपासून ठेवलेले असतात. कोठीत गेलेला प्रोग्राम कुणीही, कुठूनही, एक ओळ टाइप करून उतरवून घेतो. मला माझा प्रोग्राम त्या कोठीत घालायचा होता.

प्रोग्राम पाण्याचा होता. आमचं गाव पिंपळनेरच्या अलीकडे, पांझरेच्या काठी. तिथे फडाची पद्धत आहे. बंधाऱ्यावरून पाट निघतो, शेतं फडांमध्ये वाटलेली, आणि आपल्या शेतात पाणी आपण वळवायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. माझे वडील, आबा, जन्मभर पाटकरी होते. बंधाऱ्यात पाणी किती, कुठल्या फडात पीक कोणतं, यावरून कुणाला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं याचा हिशेब एका पुठ्ठ्याच्या वहीत होता. गाव तिला आबांची वही म्हणायचं. आबा गेल्यावर मी ती वही संगणकात उतरवली आणि तिच्यावर प्रोग्राम बांधला. पाण्याची उंची सांगा, तो पाणीपाळी सांगतो.

त्या वहीत एक भारी गोष्ट होती. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत त्याला पाणी भरपूर, आणि शेवटाकडच्याला गाळ. हे सगळीकडे असंच. आमच्या वहीत मात्र पाणी कमी झालं की दर दुसऱ्या फेरीला पाणी शेवटाकडून सुरू व्हायचं, आणि तेसुद्धा सरळ उलट नाही, मधली काही शेतं वगळून, पुढच्या फेरीत ती आधी घेऊन. या एका युक्तीमुळे आमच्या फडात पाण्यावरून डोकी फुटली नाहीत. दुसऱ्या गावची माणसं प्रोग्राम मागायला यायची. पेनड्राइव्हवर द्यायला मी तयार नव्हतो, मधे कोण काय घालेल सांगता येत नाही. कोठीत गेला म्हणजे निर्धास्त. शिवाय गावात मी सांगून बसलो होतो की आबांचं नाव आता जगात जाणार.

कोठीत शिरायचं म्हणजे आधी हमी घेणारा एक जुना सभासद लागतो. केरळातला एक भला माणूस मिळाला, मीच त्याला सहा महिने तपासला. मग शेवटच्या दाराशी तपासनीस. तो प्रोग्रामातली एकूण एक फाइल उघडून विचारतो, ही कुणी लिहिली, तिचा मालक कोण, त्यानं परवानगी दिली का. त्यासाठी प्रोग्रामाबरोबर मालकी सांगणारा एक कागद जोडावा लागतो. मी तो झोकात जोडला. प्रोग्राम माझा, माझं नाव. पाणीपाळीचा तक्ता वहीतला, म्हणून आबांचं नाव.

होळीच्या सुमारास तपासनीसाचं पत्र आलं. नाकारलं! कारण दोनच ओळींचं. तक्त्याच्या मालकानं परवानगी दिल्याचं कुठे दिसत नाही, त्यांना स्वतःला ईमेलनं कळवायला सांगा.

आता आबांना कुठून ईमेल करायला सांगू? त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

त्यात माझी काय चूक, मला कळेना. आमच्याकडे माणूस जातो, नाव राहतं. गावच्या घराचं लाइटबिल अजून आबांच्या नावावर येतं. नळपट्टी आबांच्या नावावर, गॅसचा नंबर आबांच्या नावावर. वायरमनही दारात येऊन "आबा आहेत का" असंच विचारतो आणि आम्हीही "आहेत" म्हणून बिल घेतो. मी प्रोग्रामातही तेच केलं होतं. घरातला मोठा माणूस, त्याचं नाव.

मी कळवलं, ते हयात नाहीत. तपासनीसाचं लगेच उत्तर आलं. मग हक्क वारसांकडे जातो, सगळ्या वारसांची लेखी संमती पाठवा. आणि खाली आणखी एक प्रश्न. कोणत्या शेतानंतर कोणतं शेत ही नुसती माहिती असेल तर तिला मालक नसतो, पण शेवटाकडून पाणी देण्याची ही मांडणी कुणीतरी विचार करून केलेली दिसते. ती नक्की कुणी केली?

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हा कोण कुठला, तोंड ना ओळख, माझ्या बापाची वही कुणाची म्हणून मला विचारतो! मग संशयानं डोकं वर काढलं. याला तक्त्यातच एवढा रस का? कुठेतरी पाणी मुरतंय. हा युक्ती उचलून दुसऱ्याला देणार असेल. मी त्याची जुनी पत्रं शोधून काढली, दोन दिवस वाचत बसलो. जर्मन, जपानी, ब्राझीलचा, सगळ्यांना तो असाच छळत होता. एकाला तर एका लहानशा चित्रावरून चार महिने बाहेर बसवलं होतं. म्हणजे माझ्याशी वैर नव्हतं. त्याचं मला उलट वाईटच वाटलं, कारण चिडायला कारण उरलं नाही.

कोठीचं दार चैत्राअखेर बंद होणार होतं. नवी आवृत्ती निघायच्या आधी ते बंद होतं आणि मग दोन वर्षं थांबायचं. वारस दोनच होते. एक मी. दुसरी माझी मोठी बहीण, अक्का. ती जामनेरला दिलेली.

आणि अक्काकडे सही मागायला मी कोणत्या तोंडानं जाणार होतो?

आबा गेल्यावर वर्षभरात मी अक्काची जमिनीवरची हक्कसोड करून घेतली. आमच्याकडे बहिणी करतात. साडीचोळी घेतात, सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. मीही तेच म्हणालो होतो, "नुसती सही आहे अक्का, माहेर कुठे जातंय?" तिनं कागद वाचला नाही. त्यानंतर ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कधी आली नाही. खानदेशात आखाजीला लेक माहेरी येणारच, भावानं न्यायला जायचं, झोके बांधायचे, सांजोऱ्या करायच्या. मी पहिल्या वर्षी फोन केला, ती म्हणाली, "बघू." मी ठरवून टाकलं की तिच्या सासरच्यांनी तिचे कान भरले आहेत. न्यायला काही गेलो नाही. खरं सांगायचं तर मला भीती होती, आली की जमिनीचं काढेल.

फोनवर हे बोलता येईना. लॅपटॉप पिशवीत टाकला, संमतीचा मसुदा छापून घेतला आणि जळगावची बस धरली. जळगावला उतरून जामनेरची. सगळ्या रस्त्यानं मी एकच विचार करत होतो, ही बाई आता माझी नाडी हातात धरणार. सहीच्या बदल्यात शेत मागेल. मागितलं तर काय बोलायचं, ते मी पारोळ्यापासून जुळवत होतो.

अक्का अंगणात खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"कसाले उना रे भाऊ?" ती म्हणाली. कशाला आलास.

भावाला इतक्या वर्षांनी असं विचारतात? मला लागलं ते. पण कामासाठीच आलो होतो, चिडणार कशाच्या जोरावर?

पाणी दिलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला, तोवर मी इकडचं तिकडचं बोललो. भाचा सुरतेला कसा आहे, तुझे गुडघे कसे आहेत. ती "बरं शे, बरं शे" एवढंच. शेवटी मी कागद काढला.

"एक सही पाहिजे होती."

तिनं हात पदराला पुसले, पण पुढे केले नाहीत. "आते काय राह्यनं?"

आता काय राहिलंय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लिनक्सपासून सुरू होत होतं. मी सांगायला लागलो. कोठी, तपासनीस, दार, सगळं. ती मधे मधे थांबवायची. हा तपासनीस सरकारी का? नाही. मग कंपनीचा? नाही. पगार कोण देतं त्याला? कुणी नाही. "मग तो का करतो?" तिच्या डोळ्यात तोच संशय होता जो मी आरशात रोज बघतो. आम्ही एकाच घरातले हे तेव्हा पटलं.

मग ती आत गेली, चष्मा लावून आली आणि माझा मसुदा वाचायला लागली. बोट ठेवून, एक एक ओळ. इतका वेळ लागला की मला वाटलं मुद्दाम करते आहे. "वारस म्हणून माझी काही हरकत नाही" या ओळीवर बोट थांबलं.

"वारस म्हणून मी एकदा सही केली," ती म्हणाली. "आता मी वारस कुठली? ते तर सोडवून घेतलं ना तुम्ही."

"अक्का, ती जमीन होती. हे वहीचं आहे."

"कोणती वही?"

"आबांची. पाणीपाळीची."

तिनं मसुदा बाजूला ठेवला. "दाखव."

वही मी आणली नव्हती, पण लॅपटॉपमध्ये पानांचे फोटो होते. पहिलं पान उघडलं. निळ्या शाईची गोल गोल अक्षरं, फडांची नावं, आणि "श" ची गाठ मोठी. अक्कानं चष्मा वर केला, खाली केला, आणि हसली. बारा वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

"हाई अक्षर मन्हं शे," ती म्हणाली. हे अक्षर माझं आहे.

काय सांगू! आबांना सहीपुरतंच लिहिता यायचं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. शाळेच्या प्रगतीपुस्तकावर ते जीभ बाहेर काढून, घाम पुसत सही करायचे, ते मी बघितलं आहे. वहीचं प्रत्येक पान मी संगणकात उतरवलं, एक एक आकडा तपासला, आणि हे कुणाचं अक्षर हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. दूधवाल्याचं माप वाकून बघणारा मी!

तरी मी हार मानली नाही. "लिहिलं तू असशील," मी म्हणालो. "पण सांगितलं आबांनीच ना?"

"नावं आबांनी सांगितली. शेवटाकडून पाणी द्यायचं मी सांगितलं."

मला वाटलं, आली बघा वळणावर. आता सगळंच आपलं म्हणणार. मी उलटतपासणी सुरू केली. शेवटाकडूनच का? मधली शेतं का वगळायची? तिनं बिबड्यांच्या खाटेवरची जागा मोकळी केली आणि ज्वारीचे दाणे मांडले. आबांची भाकरी घेऊन ती पाटावर जायची तेव्हा सातवीत होती. शेवटाकडच्या एका म्हातारीचा हरभरा दर वर्षी वाळायचा. ती म्हातारी आबांना काही बोलायची नाही, नुसती बांधावर बसून राहायची. अक्काला ते बघवेना. तिनं सरळ उलटं करून बघितलं तर मधल्यांचं दोन्हीकडून मरण. मग मधले वगळून, पुढच्या फेरीत आधी. तिनं दाणे हलवून दाखवले. तिसऱ्या फेरीनंतर हिशेब बरोबर जुळला. मी प्रोग्राममध्ये हे बसवायला पावसाळा घालवला होता. तिनं ते खाटेवर बसल्या बसल्या केलं.

"गावाला का नाही सांगितलं तू?"

"पोरीनं लावलेली पाळी कुणी पाळली असती? आबा म्हणाले, माझ्या नावावर चालू दे." तिनं दाणे गोळा करून सुपात टाकले. "बरं चाललं की."

मला तिच्यावर संशय घ्यायला जागाच उरली नव्हती, आणि ती सवय सुटेना म्हणून मी लॅपटॉपच्या वायरीशी खेळत बसलो.

मग तिची पाळी आली विचारायची. हे कोठीत गेल्यावर कोण वापरणार? कुणीही. पैसे? नाही. "मग कुणी आपल्या नावावर करून घेतलं तर?"

"करता येत नाही. वापरा, बदला, वाटा, पण ज्यानं लिहिलं त्याचं नाव काढायचं नाही. तोच नियम आहे."

"कुणालाच काढता येत नाही?"

"कुणालाच."

"तुले बी?"

"मलाही नाही."

हे तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग माझा मसुदा उलटा केला आणि कोऱ्या बाजूला स्वतः लिहिलं. हा तक्ता मी केला, तो सगळ्यांनी वापरावा, माझं नाव काढू नये. खाली सही. सासरचं नाव नाही, माहेरचं, मधे आबांचं नाव. "वही लिहिली तेव्हा हेच नाव होतं," म्हणाली. पण कागद माझ्या हातात देईना. "आधी त्याच्यात लिही. माझ्यासमोर. तू धुळ्याला जाऊन बदलशील."

मला राग यायला हवा होता. नाही आला. मोबाइलचं इंटरनेट जोडून मी तिच्यासमोर मालकीचा कागद उघडला, आबांचं नाव खोडलं, तिचं घातलं. तिनं पडद्यावर बोट ठेवून अक्षरं तपासली. कागदाचा फोटो जोडला. तपासनीसाला खरं ते लिहिलं, की मांडणी माझ्या बहिणीची आहे आणि मला हे आजच कळलं. पाठवलं. मगच तिनं कागद सोडला.

निघताना ती म्हणाली, "लाइटबिल आबांच्या नावावर ठेवलंस, वही आबांच्या नावावर ठेवलीस. जमीन तेवढी लगेच तुझ्या नावावर कशी झाली रे?"

"बस चुकेल," म्हणून मी पळालो.

तपासनीसाचं पत्र आलं तेव्हा दार बंद व्हायला चार दिवस होते. स्वीकारलं! एवढाच शब्द, आणि खाली, बहिणीला नमस्कार सांगा. मी लॅबमध्ये एकटाच उभा राहिलो, टाळी वाजवावीशी वाटली, वाजवली. अक्काला फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. फोनवर ती पुन्हा "बघू" म्हणाली असती, आणि तसं म्हणायला तिला मीच लावलं होतं.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी पुन्हा जामनेरला गेलो. अक्का दारातच उभी होती.

"आते कसावर सही?"

"कशावरच नाही. न्यायला आलोय."

तिनं माझी पिशवी घेतली. आत हात घालून तळापर्यंत चाचपली. एक टॉवेल, पाण्याची बाटली, आणि कोठीतल्या त्या पानाची छापील प्रत, जिच्यावर तिचं नाव होतं. ती प्रत तिनं उजेडात धरून वाचली, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि साडी बदलायला आत गेली. मला बरं वाटलं, अगदी खरं सांगतो, भरून आलं. वाटलं, मिटलं एकदाचं.

जळगाव सोडून एरंडोल मागे पडेपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "तो तुझा तपासनीस. तो प्रत्येकाला विचारतो, हे कुणाचं, त्याला विचारलं का?"

"प्रत्येकाला. डोकं खातो."

"चांगला माणूस शे." कमरेची पिशवी सारखी करत म्हणाली, "हक्कसोडीच्या त्या दिवशी कचेरीतल्या साहेबानं बी विचारलं होतं. राजीखुशीनं सही करताय का म्हणून. तुला आठवतं?"

मला आठवत होतं. "हो," मी म्हणालो. "विचारलं होतं त्यानं."

"मले विचारलं होतं, भाऊ," अक्का म्हणाली. "उत्तर तू दिलं."

खरं होतं. तिनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो होतो, हो साहेब, राजीखुशीनं, आणि पेनचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं होतं.